पेशीचा नकार

शिरीषची उपाशीपोटीची शुगर ब्याण्णव आली त्या दिवशी डॉक्टर आवटींच्या दवाखान्यात पेढे वाटले गेले. मधुमेहाच्या दवाखान्यात पेढे! पहिला पेढा डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने शिरीषच्या तोंडात घातला, रिसेप्शनवरच्या मुलीने फोटो काढला आणि बाकांवर बसलेल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिरीष आमच्या लग्नातसुद्धा इतका खुलला नव्हता. मीही टाळ्या वाजवल्या. कोणी विचारलं असतं तर खूप आनंद झालाय असंच सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही ते बरंच झालं, कारण मला आनंद झालाच नव्हता.

का नव्हता, ते कळायला आधीची बावीस वर्षं सांगावी लागतील.

मी शुभदा. सांगलीतल्या एका खासगी लॅबमध्ये एकतीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं आणि घरी येऊन नवऱ्याचं. शिरीष सरकारी भूमापक. जमिनी मोजायला रानोमाळ हिंडायचा. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, म्हणून मी त्याला नावाने हाक मारते आणि अरे-तुरे करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. मूल झालं नाही. तो विषय आम्ही पस्तिशीतच मिटवला, म्हणजे त्याच्यावर बोलायचं बंद केलं. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याला बढती मिळाली, हिंडणं संपलं, टेबल आलं, आणि वर्षभरात त्याच्या रक्तात साखर सापडली. सापडली ती माझ्याच लॅबमध्ये.

तिथून पुढे मी कामाला लागले. सकाळी बोट टोचणं, वाटीने मापून भात, दोनच फुलके, दुपारी चार वाजता मूठभर फुटाणे. इन्सुलिन सुरू झालं तेव्हा इंजेक्शनही मीच द्यायची, कारण रानात साप ओलांडून जाणारा हा माणूस सुई बघितली की डोळे मिटून घ्यायचा. संध्याकाळी दिवे लागले की तो खुर्चीत बसायचा, मी खाली पाटावर, आणि त्याचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन तपासायची. मधुमेहात पायांची संवेदना जाते. खडा रुतला तरी कळत नाही, आणि त्या एवढ्याशा जखमेने पाय कापायची वेळ येते. म्हणून तळवे, टाचा, दहाही बोटांच्या बेचक्या, रोज. नवरा-बायको म्हणून एकमेकांना हात लावायचे दिवस कधी सरले ते मला आठवत नाही, पण ते पाय बावीस वर्षं रोज माझ्या मांडीवर होते. त्याच्यासमोर कसं खायचं म्हणून मीही गोड सोडलं. त्याने तसं सांगितलं नव्हतं. त्याच्या ते ध्यानातही आलं नसावं.

आमच्यात बोलणं भरपूर होतं. काल किती होती, आज किती, काल काय खाल्लं होतंस, खोटं बोलू नकोस. एवढ्यावर दिवस छान जायचा.

आणि मग चकती आली.

कंपनीने तिला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. सांगली-मिरजेत सगळे चकतीच म्हणत. ‘बसवली का चकती?’ असं लोक भाजी घेताना विचारायचे. रुपयाच्या नाण्याएवढी वस्तू. मांडीच्या कातडीखाली दहा मिनिटांत बसवतात आणि ती दोन वर्षं एक औषध थेंबाथेंबाने रक्तात सोडत राहते.

ते औषध काय करतं हे मी त्या वेळी निदान पन्नास जणांना समजावून सांगितलं असेल. खाल्लेल्या अन्नाची साखर होते, ती रक्तात येते, आणि रक्तातून ती पेशींच्या आत जायला हवी. सगळ्यात जास्त साखर स्नायू घेतात. स्नायूच्या पेशीला साखर आत घ्यायची दारं असतात, पण ती कायमची बसवलेली नसतात. ती पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेली असतात. इन्सुलिन येऊन बाहेरची घंटा वाजवतं, तो निरोप एका रेणूकडून दुसऱ्याकडे असा आत पोचतो, आणि मग दारं वर येऊन भिंतीत बसतात. टाइप टू मधुमेहात घंटा वाजते, पण निरोप मध्येच अडकतो. दारं वर येत नाहीत. बाहेर रक्तात साखर तुंबते आणि पेशी मात्र दाराआड तशीच. बिचारं स्वादुपिंड आणखी इन्सुलिन पाठवतं, आणखी घंटा वाजवतं, आणि शेवटी थकून जातं.

पण दारं वर आणायची दुसरीही एक वाट आहे. माणूस चालायला लागला, स्नायू आखडू-पसरू लागले की इन्सुलिनशिवायही दारं वर येतात. डॉक्टर सतत ‘चाला, चाला’ म्हणतात ते यासाठीच. चकतीचं औषध ही दुसरी वाट वापरायचं. स्नायूला वाटायचं आपण चालतोय. माणूस सोफ्यावर टीव्ही बघत असायचा आणि त्याच्या मांड्या समजायच्या की आपण डोंगर चढतोय.

आठ आठवड्यांत ब्याण्णव. मी तपासलेलं नव्हतं, पण यंत्र चांगलं होतं. मला खोट काढता येईना.

*

चकतीनंतर वर्षभरात शहर बदललं. आमराईत सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असायची, तिथे आता माळी आणि कुत्री उरली. हॉटेलांच्या मेनूकार्डावरून ‘बिनसाखरेचे’ हे पान गेलं. मधुमेहींच्या पायांचा दवाखाना होता तिथे बुटांचं दुकान निघालं. माझ्या जुन्या लॅबने तीन महिन्यांची सरासरी साखर काढणारी दोन यंत्रं विकून टाकली.

शिरीष तर न्हाऊन निघाल्यासारखा दिसायला लागला. कोरे नावाचे त्याच्या खात्यातलेच एक निवृत्त साहेब, त्यांनी चकतीवाल्यांचा एक गट केला. बारा-तेरा जण. दर रविवारी कुठेतरी जायचं आणि जन्मभर नाकारलेलं काहीतरी खायचं. कधी वाडीची बासुंदी, कधी बेळगावचा कुंदा, कधी नुसतीच जिलबी, पण किलोने. तो परत यायचा तेव्हा त्याचा चेहरा इतका आनंदी असायचा की त्याचा मला राग यायचा. हे लिहायला बरं वाटत नाही, पण यायचा.

एका बुधवारी मी ठरवून श्रीखंड केलं. घरी चक्का बांधला, वेलची कुटली, वीस-बावीस वर्षांनी जायफळाची डबी उघडली. दोन वाट्या भरल्या, एक त्याच्यासमोर आणि एक माझ्यासमोर ठेवली. त्याने दोन चमचे खाल्ले आणि वाटी सरकवली.

“का रे? आवडलं नाही?”

“छान झालंय. पण आत्ता नको.”

“रविवारी कोऱ्यांच्यात पाऊण किलो जिलबी खाल्लीस म्हणे.”

त्याने हातातला चमचा ठेवला. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, “राग मानू नकोस शुभा. तुझ्यासमोर खाताना मोजल्यासारखं वाटतं. तू काही म्हणत नाहीस, पण मी मनातल्या मनात किती घेतलं, किती उरलं, असं करायला लागतो. बाहेर तसं होत नाही.”

मी वाट्या उचलल्या. माझी वाटी मी खाल्ली नाही, फ्रिजमध्ये ठेवली, आणि शुक्रवारी कामवालीला दिली. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की या घरात मला काही काम नाही. पुस्तकं वाचावी म्हटलं, मन लागेना. बहिणीला फोन केला, ती म्हणाली, “आता मजा कर की!” मजा कशी करतात हे विचारायची मला लाज वाटली.

संध्याकाळी दिवे लागायचे आणि मी सवयीने पाट घ्यायला उठायची. शिरीष म्हणायचा, “आता कशाला?” खरंच, आता कशाला. दोन-चार दिवसांनी मी उठायचं सोडलं.

*

मोज्याचा वळ मला अपघातानेच दिसला.

तो गॅलरीत बसून पायाची नखं कापत होता. मी कपडे वाळत घालत होते. घोट्याच्या वर, मोज्याची कडा येते तिथे, एक खोल वळ पडला होता. मी कपडे ठेवले, वाकले आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथे खळगा राहिला. एक, दोन, तीन, चार. चार आकडे मोजून झाले तरी तो भरला नव्हता.

“हे कधीपासून?”

“काय कधीपासून? मोजा घट्ट आहे.” त्याने पाय ओढून घेतला. “तुला सुटी नाहीच का गं?”

पाय सुजणं म्हणजे बरेचदा काही नसतं. आणि कधीकधी ते हृदय असतं. मी बघायला लागले, म्हणजे चोरून. जिन्याच्या वळणावर तो चपलेचा अंगठा नीट करायला थांबायचा, आणि अंगठा तर नीटच असायचा. सकाळी अंथरूण आवरताना त्याच्या बाजूला दोन उशा असायच्या. पडल्यावर श्वास कोंडला की माणूस उशी वाढवतो. त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या मते कापूस बसला होता.

मी कपाटातून चकतीबरोबर आलेलं माहितीपत्रक काढलं. मी सोडून ते कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. अकराव्या पानावर लिहिलं होतं: रोज किमान पन्नास मिनिटं वेगाने चालावं, गोड पूर्वीइतकंच मर्यादित ठेवावं. म्हणजे कंपनीने ज्यांच्यावर प्रयोग केले ती शिस्तीची माणसं होती. चालत होती, मोजून खात होती. चकती आमच्या गावात आली आणि आम्ही पहिलं काय केलं, तर चालणं सोडलं आणि जिलबी आणली.

तेव्हा माझ्या डोक्यात एक जुना प्रश्न आला. तरुणपणी एका व्याख्यानात ऐकलेला. पेशीला घंटा ऐकू येत नाही, असं आपण म्हणतो. पण तिला ऐकू येत असेल आणि ती नको म्हणत असेल तर? वर्षानुवर्षं खर्चापेक्षा जास्त येत राहिलं की पेशीत चरबीचे थेंब साठतात, कोठार भरतं. भरल्या घराने ‘आता नको, जागा नाही’ म्हटलं तर तो आजार की शहाणपण? त्या नकारामुळे बाहेर साखर तुंबते, डोळे-मूत्रपिंडं बिघडतात, हे खरंच. पण आत ती पेशी स्वतःचा जीव वाचवत असते.

चकतीने तो नकार मोडून काढला होता. खरोखर चालणाऱ्याचा स्नायू आत आलेलं जाळून टाकतो. नुसतं चालल्याचं वाटणारा स्नायू ते जाळत नाही, साठवतो. औषध रक्तातून सगळीकडे जातं, आणि हृदय हाही एक स्नायूच आहे. तोही भरत गेला, जाड झाला, ताठ झाला, तर नीट सैलावणार कसा? आणि रक्तात काय दिसेल? ब्याण्णव. साखर रक्तात नाही म्हणून सगळे टाळ्या वाजवत होते. ती कुठे गेली हे कोणी विचारत नव्हतं.

मी डॉक्टर आवटींकडे गेले. ते चांगले आहेत, घाईत असतात. त्यांनी पडद्यावर शिरीषचे आकडे उघडले. सगळे हिरवे.

“वहिनी, तुमच्यासारख्या बायकांमुळे हे लोक इतकी वर्षं जगले,” ते म्हणाले. “पण आता जरा सैल सोडा. पासष्टीला दम लागतोच.”

‘तुमच्यासारख्या बायका’ हे शब्द मी घरापर्यंत चघळत आले. कारण त्यात तथ्य होतं. माझ्यासारख्या बाईला हे खरं ठरायला हवं होतं.

*

पुढच्या मंगळवारी शिरीषची तीन महिन्यांची नेहमीची तपासणी होती. मी म्हटलं, लॅबला कशाला जातोस, रक्त मीच काढते आणि पोचवते. त्याने डोळे मिटून हात पुढे केला. माझ्या हाताला तो अजून घाबरत नव्हता. मी जांभळ्या झाकणाच्या दोन नळ्या भरल्या.

“दोन कशाला?” डोळे न उघडताच त्याने विचारलं.

“एक राखीव.”

इतक्या वर्षांत मी त्याच्यावर ओरडले असेन, रुसले असेन, पण त्याच्या रक्ताबाबत खोटं बोलले नव्हते.

लॅबची प्रमुख आता नूतन सुतार आहे. माझ्या हाताखाली शिकलेली पोर. तिच्या केसांत पांढरं आलंय तरी मला ती पोरच वाटते. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की रक्तात एक प्रथिन वाढतं, ते मोजायला मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बसा मॅडम, अर्ध्या तासात देते.” मी न बसता यंत्रासमोर उभी राहिले. सव्वाशेच्या आत असायला हवं. पडद्यावर आकडा आला, अकराशे चाळीस.

आता जे सांगते ते मी कोणालाही सांगितलं नसतं. तो आकडा बघून मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. आनंद झाला. छातीत ऊब आल्यासारखं झालं. बघ, म्हणत नव्हते? आता पुन्हा फुलके मोजायचे, पुन्हा पाट घ्यायचा. हे सगळं फार तर दोन सेकंदांचं असेल. मग आकडा पुन्हा वाचला आणि मी स्टूल ओढून बसले.

नूतनने पाणी दिलं. “मॅडम, हे काकांचं आहे का?”

मी तिला कधीकाळी शिकवलं होतं, की जो आकडा बघून आपल्याला आनंद होतो तो खोटा धरायचा, आणि ज्याला त्याचं काही देणंघेणं नाही अशा माणसाकडून नमुना पुन्हा तपासून घ्यायचा. लॅबमध्ये चुका बहुधा आळसाने होत नाहीत, इच्छेने होतात.

“नाव काढून टाक,” मी म्हटलं. “नुसता नंबर घाल आणि कोल्हापूरच्या शाखेला पाठव. कोणाचं आहे सांगू नकोस.”

तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी शिरीषकडे बघत बसायची. तो पेपर वाचायचा, शीळ घालायचा, कोऱ्यांशी फोनवर हसायचा. खोटं ठरू दे, असं मी म्हणायची. खरं ठरू दे, असंही कुठेतरी आत म्हटलं जायचं, आणि मग मी उठून उगाच भांडी घासायची.

कोल्हापूरहून अकराशे अठरा आले.

*

जेवणं झाल्यावर मी दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले.

“शिरीष, चकती काढावी लागेल.”

“आवटी म्हणाले?”

“मी म्हणतेय.”

“मग झालं!” तो हसला. पण भूमापकाला कागद वाचायची खोड असते. त्याने आकडे बघितले, तारीख बघितली. हसू गेलं. “हे रक्त कुठलं?”

“तुझंच. मंगळवारचं.”

“राखीव म्हणालीस.”

“खोटं बोलले.”

मी त्याला सगळं सांगितलं. पेशी, कोठार, नकार, हृदय. नीट, क्रमाने, नव्या मुलांना शिकवायचे तसं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, “चौदा महिने, शुभा. चौदा महिने मी साधा माणूस होतो. तुला मी आजारीच बरा होतो ना?”

मी कागदांच्या घड्या घातल्या. तो उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि तो माझ्याशी न बोलता गटाबरोबर वाडीला गेला.

दुपारी तीनलाच परत आला. एरवी सहा वाजायचे. चपला काढायलाही तो खुर्चीत बसला.

“नदीघाटाच्या पायऱ्या चढताना तीनदा बसलो,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “कोरे माझ्याही खाली राहिला होता. त्याला दोघांनी धरून वर आणलं. सगळे म्हणाले, ऊन फार आहे. ऊन नव्हतं गं.”

मी पाणी आणून दिलं. तो प्यायला नाही, पेला हातातच धरून बसला.

“एक विचारतो. खरं सांग. कागद बघून तुला आनंद झाला ना?”

नाही म्हणणं सोपं होतं. बायका असं ‘नाही’ म्हणून टाकतात आणि संसार पुढे जातात. पण मी आधीच एकदा खोटं बोलले होते.

“झाला,” मी म्हटलं. “आधी आनंद झाला, मग भीती वाटली. म्हणून तर पुन्हा तपासून घेतलं. मला हवं होतं म्हणून ते खोटं ठरत नाही, शिरीष. मला हवं होतं, आणि ते खरंही आहे.”

त्याने पेला खाली ठेवला. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, “बावीस वर्षांत तू तुझ्याबद्दल काहीतरी पहिल्यांदा सांगितलंस. एरवी सगळं माझंच असायचं.”

सोमवारी आवटींनी हृदयाची सोनोग्राफी केली. भिंती जाड झाल्या होत्या. आवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, “बरं झालं आलात.” मग त्यांनी कोऱ्यांना बोलावलं, मग गटातल्या बाकीच्यांना. आठवड्याभरात कंपनीला पत्र गेलं आणि महिन्याने वर्तमानपत्रांत आलं, की चकती बसवलेल्या प्रत्येकाने हृदय तपासून घ्यावं. ज्यांनी चालणं सोडलं नव्हतं त्यांचं बहुतेकांचं ठीक निघालं. बाकीच्यांचंही चकती काढल्यावर हळूहळू सुधारेल, असं त्यात लिहिलं होतं. माझं नाव कुठे नव्हतं आणि मला ते नकोच होतं. पण ही सगळी पुढची गोष्ट.

शिरीषची चकती त्याच आठवड्यात शुक्रवारी काढायची ठरली. गुरुवारी त्याने मला समोर बसवलं. त्याने हे आधी मनात घोकलं असणार, कारण बोलताना तो कुठे अडला नाही.

“इन्सुलिन पुन्हा सुरू होईल. ते मी घेईन. आवटींच्या सिस्टरकडून शिकून घेतो. चालायला मी जाईन. ताट मी वाढून घेईन. पाय मी आरशात बघेन. आणि उद्या दवाखान्यात मी एकटा जाणार.”

“सुईचं कसं जमेल तुला?”

“नाही जमलं तर डोळे मिटून घेईन. पण तू यायचं नाहीस.”

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्याचं शरीर, त्याचा आजार. मी दोन्ही इतकी वर्षं माझ्या नावावर करून घेतली होती, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

शुक्रवारी त्याने पिशवी स्वतः भरली. टॉवेल चुकीचा घेतला, मी काही बोलले नाही. विजेच्या रिक्षा आवाज करत नाहीत, त्यामुळे ती खाली येऊन किती वेळ उभी होती कळलंच नाही. तो दारापर्यंत गेला आणि वळला.

“तू कशी आहेस?”

“मी? मला काय धाड भरलीय. ठीक आहे.”

“असं नको. नीट सांग.”

मी पदराशी चाळा करत उभी राहिले. खालून रिक्षावाल्याने हाक मारली. शिरीष हलला नाही.

“एकटं वाटतं,” मी म्हटलं.

“केव्हापासून?”

“चकती बसवलीस तेव्हापासून.” बोलून गेले आणि लगेच कळलं की हे बरोबर नाही, हे मला सोयीचं आहे म्हणून तोंडात आलं. “नाही. त्याच्या खूप आधीपासून. खूप वर्षं.”

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एकदा वाटलं, चल म्हणेल. मी चपलांकडे बघितलंसुद्धा.

“संध्याकाळी बोलू,” तो म्हणाला, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला. रिक्षा वळेपर्यंत मी गॅलरीत उभी होते. मग आत येऊन खुर्चीत बसले आणि संध्याकाळची वाट बघायला लागले. तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते.